तराजूतली खुर्ची आणि पॅन्ट्रीतला फ्रिज

आमच्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीतल्या फ्रिजवर कुणीतरी एक प्रिंटआउट चिकटवलाय. मेटाबॉलिझम वाढवण्याचे सोपे उपाय. सकाळी गार पाण्याने आंघोळ करा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, ग्रीन टी घ्या, तिखट खा, रोज दहा हजार पावलं चाला, आणि तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो म्हणून आत्तापासूनच काळजी घ्या, वगैरे. खाली कुणीतरी पेनने भर घातलीये: "आणि रिलीज पुढे ढकला."

एरवी मी हसून कॉफी घेऊन निघून आलो असतो. पण नेमकं त्याच आठवड्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट हातात आले होते. माझा एचबीएवनसी ५.९. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी: मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर त्यावरून कळते, ५.७ च्या खाली ठीक, ६.५ ला डायबेटिस, आणि मधले सगळे माझ्यासारखे त्रिशंकू. वय अठ्ठावीस, वजन ७२, पोट जेमतेम दिसण्यापुरतं. बाबांना पंचेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस झाला. मी त्यांच्या सतरा वर्षं पुढे आहे म्हणायचं. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने रिपोर्ट बघून निदान केलं, "तुझा मेटाबॉलिझम स्लो आहे रे." आणि फ्रिजकडे बोट दाखवलं.

आता मी पडलो इंजिनियर. एखादी गोष्ट स्लो आहे म्हटलं की पहिला प्रश्न, मोजली कुणी? कशी? युनिट काय? वाढवायची म्हणजे किती टक्के? फ्रिजवरचा कागद याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून मग दोन-तीन वीकेंड यावर घालवले. आधीच सांगून टाकतो, आहाराचा सल्ला द्यायची माझी लायकी नाही आणि हा लेख त्यासाठी नाहीच. पण हे मोजायचं कसं याच्या शोधात लोकांनी जे काही केलंय, ते त्या कागदापेक्षा शंभरपट रंगतदार आहे.

सुरुवात इटलीत. सान्तोरियो सान्तोरियो (नाव आणि आडनाव एकच, मीही दोनदा तपासलं) हा पादुआ विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक. जन्म १५६१चा, म्हणजे गॅलिलिओचा समकालीन, आणि दोघांचा परिचयही होता. गॅलिलिओ आकाश मोजत होता, याने स्वतःला मोजायचं ठरवलं. मोठ्या तराजूच्या दांडीला एक खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीत बसून हा गृहस्थ जेवायचा. खाल्लेलं-प्यायलेलं सगळं वजन करून आत, मल-मूत्र वजन करून बाहेर, आणि मधल्या काळात स्वतःचं वजन पुन्हा पुन्हा. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार हे त्याने तीस वर्षं केलं. तीस वर्षं! आपल्याला जिमचं डाएट अ‍ॅप चार दिवस भरायचा कंटाळा येतो.

त्याला सापडलं काय? हिशोब जुळत नव्हता. आठ पौंड आत गेलं तर दिसेल अशा वाटेने त्यातलं जेमतेम तीन पौंड बाहेर यायचं. उरलेले पाच पौंड गायब. वजन तर वाढत नाही, मग गेले कुठे? त्याने त्याला न दिसणारा घाम असं म्हटलं आणि १६१४ मधे व्हेनिसला या सगळ्यावर एक छोटेखानी पुस्तक छापलं, "दे स्टाटिका मेडिसिना". त्याचं उत्तर अर्धवट होतं. त्वचेतून आणि श्वासातून वाफ जाते हे खरं, पण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडही जातो, आणि तो वायू तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. पण प्रश्न पक्का होता. जमा आणि खर्च यांत फरक येतोय, म्हणजे खात्यात एक एन्ट्री लपलेली आहे.

तो फरक भरून निघायला पावणेदोनशे वर्षं लागली. मधल्या काळातल्या लोकांना एका वाक्यात उडवल्याबद्दल क्षमस्व, पण मला पटकन पॅरिसला जायचंय, कारण फ्रिजवरच्या त्या कागदाचा उगम मला तिथे सापडला.

आंत्वान लाव्हाझिए आपल्याला शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातून माहीत असतो. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने (हो, तोच, ज्याच्या ट्रान्सफॉर्मने आपला सेकंड इयरचा पेपर खाल्ला होता) एक भांडं बनवलं. मधे जाळीचा पिंजरा, भोवती बर्फ, त्याच्याभोवती आणखी एक बर्फाचा थर. बाहेरच्या थराचं काम एवढंच, की खोलीची उष्णता आत येऊ द्यायची नाही. आतला बर्फ वितळला तर तो फक्त पिंजऱ्यातल्या वस्तूच्या उष्णतेने. पिंजऱ्यात ठेवला एक गिनीपिग. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला.

मग त्यांनी दुसरी बाजू मोजली. तेवढ्याच वेळात गिनीपिग किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि तेवढाच वायू तयार होईल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल? उत्तर आलं साधारण साडेदहा औंस. तेरा आणि साडेदहा. पूर्ण जुळत नाही, पण योगायोग म्हणावा इतकं लांबही नाही. म्हणजे त्या लुकलुकत्या डोळ्यांच्या प्राण्याच्या आत जे चाललंय ते कोळशाच्या जळण्याच्याच जातीचं आहे, फक्त हळू आणि ज्योतीशिवाय. उरलेला फरक का, याचं एक मोठं कारण पुढे कळलं: शरीर नुसता कार्बन जाळत नाही, हायड्रोजनही जाळतं, आणि त्याचं होतं पाणी. मला हा अडीच औंसांचा फरक फार आवडतो. त्यांनी तो दडवला नाही, छापला.

गिनीपिगनंतर माणूस. १७८९-९० मधे, म्हणजे बाहेर फ्रेंच राज्यक्रांती पेटलेली असताना, लाव्हाझिएने आपला तरुण सहकारी आर्माँ सेग्याँ याला तोंडावर मुखवटा बांधून खुर्चीत बसवलं आणि तो तासाला किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं. लाव्हाझिएची बायको मारी-आन बाजूच्या टेबलाशी बसून आकडे लिहून घेत होती. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण या प्रयोगांची चित्रं तिनेच काढली आणि त्यात कोपऱ्यात स्वतःलाही काढलं. (ती इंग्रजी शिकली आणि नवऱ्यासाठी परदेशी रसायनशास्त्राची भाषांतरंही करत होती. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.)

आकडे आजच्या मापात सांगतो. उपाशीपोटी, उबदार खोलीत स्वस्थ बसलेला असताना तासाला सुमारे २४ लिटर ऑक्सिजन. खोली गार केली तर २७. जेवण झाल्यावर ३८ च्या आसपास. उपाशीपोटी, पण पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करताना साठीच्या वर. आणि जेवण अधिक व्यायाम केला तर ९० च्या आसपास.

आता पुन्हा त्या प्रिंटआउटकडे बघा. गार पाण्याने आंघोळ. दर दोन तासांनी खा. व्यायाम करा. १७९० मधे एका खुर्चीत मोजलेल्या तीन गोष्टी आमच्या फ्रिजवर आल्यात, फक्त येताना वाटेत आकडे गळून पडले. आकडे ठेवले असते तर कुणीही म्हणाला असता की पहिल्या दोन कलमांना आणि तिसऱ्याला एकाच यादीत सारखं स्थान देता येत नाही. गारव्याने आठाला एक या हिशोबाने वाढ, तीही गार खोलीत बसून राहिलात तर. तीन मिनिटांच्या गार शॉवरचा हिशोब तुम्हीच लावा.

खाण्याचं कलम जरा फसवं आहे. खाल्ल्यावर खर्च वाढतो हे सेग्याँच्या मुखवट्यात दिसलंच होतं. अन्न पचवायलाही ऊर्जा लागते, नेहमीच्या मिश्र जेवणात ती साधारण दहा टक्के. प्रथिनांना जास्त, वीस ते तीस टक्के. स्निग्ध पदार्थांना जेमतेम. पण दहा टक्के म्हणजे खाल्लेल्याचे दहा टक्के. २००० कॅलरी दोनदा खाल्ल्या काय आणि सहा वेळा विभागून खाल्ल्या काय, दहा टक्के दोनशेच. ब्रोकरेज टक्क्यांत असलं की एकच ऑर्डर सहा तुकड्यांत टाकून काही फायदा होत नाही, तसंच.

लाव्हाझिएची एक गोष्ट राहिली. त्या १७८९ च्या निबंधात आकड्यांच्या मधोमध तो अचानक थांबतो आणि वेगळंच बोलायला लागतो. स्वस्थ बसल्यावर श्रीमंत काय आणि गरीब काय, हवा सगळ्यांना सारखी आणि फुकट. पण कष्टाने खर्च वाढतो हे तर आपण आत्ताच मोजलं. म्हणजे अंगमेहनत करणारा जास्त जाळतो आणि त्यालाच खायला कमी मिळतं, तर ज्याला गरज कमी त्याच्याकडे भरपूर. असं का, असं तो विचारतो आणि समाजाच्या संस्थांनी हे सुधारायला हवं म्हणतो. हे लिहिणारा माणूस स्वतः राजाचा कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीचा भागीदार होता, गडगंज. त्याच कंपनीपायी ८ मे १७९४ ला त्याला गिलोटिनवर चढवलं. त्याच दिवशी सासऱ्यालाही.

माझ्या डोक्यातून हे जात नाही, कारण चयापचय मोजण्याचा पुढचा टप्पा नेमका इथूनच निघतो. अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात, विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला सरकारी शेतकी खात्याचे पैसे मिळाले ते कशासाठी? कामगाराला कमी पैशात पुरेसं अन्न कसं मिळेल हे शोधायला. आपण आज पाकिटावरच्या कॅलरी वाचतो त्या कमी खाण्यासाठी. त्या मोजायला सुरुवात झाली ती पुरेसं मिळावं म्हणून.

अ‍ॅटवॉटर आणि एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात एक खोलीच बांधली. कपाटापेक्षा थोडी मोठी, तांबं आणि जस्ताच्या भिंती, भोवती हवेच्या पोकळ्या, आणि बाहेर पडणारी सगळी उष्णता वाहून नेणारा पाण्याचा नळ. आत माणूस दिवसेंदिवस राहायचा. तिथेच खाट, तिथेच टेबल, आणि जागच्या जागी चालवायची सायकल. लाव्हाझिएचा बर्फाचा पिंजरा, फक्त गिनीपिगच्या जागी विद्यार्थी. यातून निघालं की जमा-खर्च जुळतो. खाल्लेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांत फरक फारच किरकोळ. सान्तोरियोची हरवलेली एन्ट्री सापडली, खातं टॅली झालं. आजही पाकिटावर छापतात तो हिशोब, प्रथिनं ४, स्निग्ध ९, कर्बोदकं ४, हा याच कामातून आलेला आहे.

अ‍ॅटवॉटरचा शिष्य फ्रान्सिस बेनेडिक्ट याने पुढे गणित केलं. १९१९ मधे त्याने आणि जे. आर्थर हॅरिसने १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ तान्ही बाळं मोजून एक समीकरण काढलं, जे आजही निम्म्या फिटनेस वेबसाइट्सच्या कॅल्क्युलेटरमागे बसलेलं आहे. पुरुषांसाठी: ६६.५, अधिक वजन गुणिले १३.७५, अधिक उंची (सेंटिमीटरमधे) गुणिले ५, वजा वय गुणिले ६.७५. माझं उत्तर येतं साधारण १७२८ कॅलरी. काहीही न करता, निपचित पडून, चोवीस तासांत. (भारतीयांसाठी पाश्चात्त्यांची समीकरणं थोडा जास्तच आकडा देतात असं पुढे दिसून आलं, पण तो फरक शे-दीडशेच्या घरातला.)

या समीकरणात व्हेरिएबल किती? वजन, उंची, वय, आणि स्त्री की पुरुष. बस्स. ग्रीन टी कुठेही नाही. तुमच्या एकूण खर्चाचा सगळ्यात मोठा हिस्सा, सुमारे साठ टक्के, हा यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या मूक कामाचा आहे. सर्व्हर आयडल असताना जी वीज खातो तशी. ती वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

कुणी खरंच वाढवून बघितलीये का? बघितलीये. आणि ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाची पिवळी पूड वापरत. तिथले कामगार घामाने डबडबायचे, ताप यायचा, वजन उतरायचं, काही जण मेले. १९३३ मधे स्टॅनफर्डच्या मॉरिस टेन्टर आणि विंडसर कटिंग यांनी हेच रसायन वजन कमी करायला दिलं तर काय होईल ते बघितलं. आणि काय आश्चर्य, चाललं की! आयडलचा खर्च चाळीस-पन्नास टक्क्यांनी वर, न व्यायाम न उपास. खराखुरा मेटाबॉलिझम बूस्टर. वर्षभरात अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांनी ते घेतलं असा खुद्द टेन्टरचा अंदाज होता. औषधाच्या दुकानांत ते असंच मिळायचं.

ते कसं काम करतं ते तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. आज माहीत आहे. कोयना धरण डोळ्यापुढे आणा. पाणी उंचावर अडवलंय, बोगद्यातून खाली येतं, टर्बाइन फिरवतं, वीज होते. आपल्या पेशींतला मायटोकॉन्ड्रिया असंच करतो: अन्न जाळून एका पडद्यापलीकडे प्रोटॉन साठवतो आणि ते परत येताना त्यांच्याकडून एटीपी बनवून घेतो. डायनायट्रोफिनॉल त्या पडद्यात भोकं पाडल्यासारखं काम करतं. पाणी टर्बाइनला वळसा घालून वाहून जातं. वीज कमी पडते म्हणून शरीर आणखी जाळतं, आणि सगळी ऊर्जा निव्वळ उष्णता होऊन बाहेर येते. थोडा डोस जास्त झाला की माणूस आतून तापत जातो आणि तो ताप पॅरासिटॅमॉलने उतरत नाही, कारण तो तापच नाही, गळती आहे. यावर उतारा नाही. जे वाचले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना, विशेषतः तरुण बायकांना, मोतीबिंदू झाले. १९३८ मधे अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि हे माणसाच्या पोटात जाण्यालायक नाही असं सरकारने ठरवलं. तरी गोष्ट संपली नाही. इंटरनेटवरून बॉडीबिल्डर मंडळी ते मागवत राहिली, लोक मरत राहिले, आणि शेवटी ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ मधे त्याची विषांच्या यादीत नोंद केली.

म्हणून "बूस्ट" हा शब्द मला आता जरा खटकतो. मराठीत आपण चयापचय म्हणतो: चय म्हणजे साठवणं-बांधणं, अपचय म्हणजे मोडणं. दोन्ही बाजू शब्दातच आहेत. नुसता अपचय वाढवला की काय होतं ते १९३३ ने दाखवलं.

मग फ्रिजवरचा कागद फाडून टाकायचा का? थांबा, त्यातली एक ओळ उरते. चालायची.

१९४९ च्या सुमारास लंडनमधे जेरी मॉरिस नावाचा डॉक्टर हृदयविकार एवढा का वाढतोय हे शोधत होता. त्याने दुमजली बसमधल्या दोन माणसांची तुलना केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगार जवळपास सारखे, वस्ती सारखी, बस तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या वर-खाली. (मुंबईकरांना चित्र लगेच दिसेल. बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मधे बंद झाल्या, पण तो मागचा वळणदार जिना कोण विसरेल.) १९५३ मधे "लॅन्सेट" मधे निष्कर्ष आला. सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांमधे कंडक्टरांना हृदयविकार कमी, झाला तर उशिरा, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाण साधारण निम्मं.

पण मॉरिसबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. त्याला शंका आली, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग जिन्याचं श्रेय फुकट. त्याने बस कंपनीकडून युनिफॉर्मच्या पॅन्टींची मापं मिळवली आणि १९५६ मधे स्वतःच छापलं की हो, ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच थोडी मोठी होती. स्वतःच्या गाजलेल्या पेपरात स्वतःच बग काढायचा! पोस्टमन आणि कारकून, सरकारी बाबू, असं तो दशकानुदशकं मोजत राहिला, आणि हलण्याचा फायदा काही पुसला गेला नाही. तो स्वतः ९९ वर्षं जगला.

दहा हजार पावलांचं मात्र हसू येतं. १९६५ मधे जपानमधे एक पेडोमीटर बाजारात आला, नाव "मानपो-केइ", म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालेलं, व्यायामाची हवा होती, गोल आकडा छान दिसला. बाकी कारण नाही. २०१९ मधे अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांची पावलं मोजली तेव्हा फायदा साडेसात हजारांच्या आसपास सपाट होताना दिसला. म्हणजे नाव पडलं मार्केटिंगने, मोजणी झाली चोपन्न वर्षांनी. आमच्या क्षेत्रात डेडलाइन अशाच ठरतात, त्यामुळे मला फार धक्का बसला नाही.

आणि ते "तिशीनंतर मंदावतो"? याचं उत्तर द्यायला पाणी लागलं. साधं पाणी नव्हे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू घातलेलं. ते प्यायचं, घरी जायचं, रोजचं आयुष्य जगायचं आणि अधूनमधून लघवीचा नमुना द्यायचा. दोन जड अणू शरीरातून वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडतात आणि त्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं. म्हणजे सान्तोरियोची खुर्ची, पण खुर्ची नाही, खोली नाही, मुखवटाही नाही. या पद्धतीने मोजलेल्या ६४०० हून जास्त लोकांचे आकडे हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मधे एकत्र केले. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराचा आकार हिशोबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत रेघ सपाट. तिशी नाही, चाळिशी नाही. त्याच पॉन्टझरने २०१२ मधे टांझानियातल्या हाद्झा लोकांना मोजलं होतं, जे आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. दिवसभर चालणारी ही माणसं. त्यांचा एकूण दैनंदिन खर्च शहरी अमेरिकन माणसाइतकाच निघाला. शरीर कुठेतरी दुसरीकडे काटकसर करतं.

म्हणजे माझा मेटाबॉलिझम स्लो नाही. मित्राचं निदान चुकलं. मग ५.९ कुठून आला?

याचं उत्तर शोधत इतके देश फिरलो आणि ते निघालं आमच्या पुण्यातच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमधे स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक, तरी चरबीदार. २००४ मधे "लॅन्सेट" मधे त्यांचा एक फोटो छापून आला, त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के. याज्ञिकांच्या शरीरात २१.२. शर्ट घातल्यावर काही कळणार नाही. एवढ्या मोठ्या संशोधकाने स्वतःच्याच पोटाचा आकडा जगासमोर ठेवला, हे मला सान्तोरियोच्या खुर्चीच्या तोडीचं वाटतं.

म्हणजे माझ्यासारख्या जेमतेम पोटवाल्यांचा प्रश्न आग मंद असण्याचा नसून जेवणानंतरची साखर उचलून घेणारा स्नायू कमी असण्याचा, आणि तो दिवसभर खुर्चीत झोपलेला असण्याचा आहे. आणि इथे मला आईपुढे शरणागती पत्करावी लागतेय. "जेवलास की लगेच बसू नकोस रे, शतपावली घाल," हे मी आयुष्यभर ऐकत आणि टाळत आलोय. २०१३ मधे वॉशिंग्टनमधे लोरेटा डिपिएट्रो यांनी साठीच्या पुढच्या, वाढीव साखर असलेल्या दहा जणांना बंद खोलीत ठेवून तपासलं. सकाळी एकदम ४५ मिनिटं चालणं, की प्रत्येक जेवणानंतर १५-१५ मिनिटं? दिवसभराच्या साखरेवर दोन्ही साधारण सारखीच उपयोगी, पण रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर शतपावलीच सरस. दहाच माणसं होती, त्यामुळे फार उड्या मारण्यात अर्थ नाही. पण ती खोली कसली होती माहितेय? कॅलरीमीटर. अ‍ॅटवॉटरच्या खोलीची पणती म्हणा.

फ्रिजवरच्या कागदावर आता मी पेनने एक ओळ वाढवलीये, "जेवण झाल्यावर १५ मिनिटं." डेडलाइनच्या वरती.

रात्री जेवण झालं की बाबांना फोन लावतो. ते तिकडे गच्चीवर, मी इथे सोसायटीच्या पार्किंगमधे. मॅच, पाऊस, त्यांच्या पेन्शनच्या कागदपत्रांचं रखडलेलं काम, असं काहीबाही बोलतो. पंधरा मिनिटं झाली की त्यांचंच लक्ष असतं, "झाला रे वेळ, ठेव आता," म्हणतात. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. आकडा आला की सांगेनच.